आयबी डिप्लोमातील ‘साहित्य’ हा विषय हायर लेव्हलला घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की आयबीच्या शाळांत जाणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक दरवर्षी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यांतले बरेचसे प्रश्न राज्य मंडळाच्या शाळांतून आलेल्या मराठी घरांतले असतात. ते येथे एकत्र केले आहेत. ज्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा २०२१ पासून होत आहेत, त्याला धरून ही उत्तरे लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या उत्तराशी जोडलेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयबी डिप्लोमात साहित्य हा विषय नेमका कुठे बसतो?

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) ही संस्था १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झाली. तिचा डिप्लोमा आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत होतो. विद्यार्थी सहा विषय घेतो. त्यांपैकी साधारणपणे तीन हायर लेव्हलला (एचएल) आणि तीन स्टँडर्ड लेव्हलला (एसएल) असतात. प्रत्येक विषयाला १ ते ७ अशी श्रेणी मिळते आणि इतर घटकांचे जास्तीत जास्त ३ गुण धरून एकूण बेरीज ४५ होते. सहा गटांतला पहिला गट भाषा व साहित्य यांचा आहे आणि तो कोणालाच चुकत नाही. ज्या भाषेवर विद्यार्थ्याची पक्की पकड आहे ती भाषा ‘लँग्वेज ए’ म्हणून घेऊन तिच्यातून साहित्याचा अभ्यास करायचा असतो. महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थी येथे इंग्रजी घेतात. मराठीबद्दल प्रश्न १२ पाहावा.

२. ‘लिटरेचर’ आणि ‘लँग्वेज अँड लिटरेचर’ हे दोन वेगळे विषय आहेत का?

होय. ‘लिटरेचर’मध्ये केवळ साहित्यकृतींचा अभ्यास होतो. ‘लँग्वेज अँड लिटरेचर’मध्ये साहित्यकृती कमी असतात (एचएलला ६, एसएलला ४) आणि त्यांच्या जोडीला जाहिराती, भाषणे, अग्रलेख, व्यंगचित्रे असा साहित्येतर मजकूर येतो. दोन्ही विषयांची काठिण्यपातळी सारखीच मानली जाते, त्यामुळे एक सोपा आणि दुसरा अवघड अशी जी समजूत पालकांमध्ये पसरली आहे तिला आधार नाही. ज्याला कविता आणि नाटक वाचण्याची ओढ आहे त्याने ‘लिटरेचर’ घ्यावे. पुढील सर्व उत्तरे त्याच विषयाची आहेत.

३. एचएल आणि एसएल यांत फरक फक्त पुस्तकांच्या संख्येचा आहे का?

संख्येचा फरक आहेच. एसएलला ९ साहित्यकृती आणि सुमारे १५० तासांचे अध्यापन, तर एचएलला १३ साहित्यकृती आणि सुमारे २४० तास. एचएलच्या १३ पैकी किमान ५ कृती अभ्यासाच्या भाषेतच मूळ लिहिलेल्या आणि किमान ४ भाषांतरित असाव्या लागतात, आणि या नऊ कृतींचे लेखक आयबीने ठरवून दिलेल्या लेखकसूचीत असावे लागतात. उरलेल्या ४ कृती शाळा मोकळेपणाने निवडू शकते. कादंबरी-कथा, कविता, नाटक आणि ललितेतर गद्य हे चारही प्रकार एचएलला यावेच लागतात. सुट्या कविता घेतल्यास साधारण १५ ते २० कविता मिळून एक ‘कृती’ धरली जाते.

मात्र खरा फरक परीक्षेत दिसतो. एसएलच्या विद्यार्थ्याला पहिल्या पेपरात दोन अनोळखी उताऱ्यांपैकी एक निवडता येतो. एचएलच्या विद्यार्थ्याला दोन्ही सोडवावे लागतात. कविता आवडत नाही म्हणून ती टाळण्याची सोय एचएलला राहत नाही. त्याशिवाय एचएलला एक स्वतंत्र निबंध लिहावा लागतो (प्रश्न ११).

४. एचएलचे मूल्यमापन कसे होते?

चार भागांत होते. पहिला पेपर सव्वादोन तासांचा आहे. त्यात पूर्वी न वाचलेले, वेगवेगळ्या साहित्यप्रकारांतले दोन उतारे येतात, प्रत्येकाखाली दिशा दाखवणारा एक प्रश्न असतो, आणि या पेपराला ३५ टक्के भार आहे. दुसरा पेपर पावणेदोन तासांचा असून त्यात चार सर्वसाधारण प्रश्नांपैकी एक निवडून अभ्यासलेल्या दोन कृतींची तुलना करायची असते. त्याला २५ टक्के. एचएल निबंधाला २० टक्के आणि तोंडी परीक्षेला २० टक्के. तोंडी परीक्षा शाळेतील शिक्षक घेतात आणि तिचे गुण पुढे आयबीकडून पडताळले जातात. बाकी तीन भाग बाहेरचे परीक्षक तपासतात.

५. माझ्या मुलीला पुढे विज्ञान शाखेत जायचे आहे. तिने साहित्य एचएलला घेणे म्हणजे एक जागा वाया घालवणे नाही का?

एचएलच्या जागा तीनच असल्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशासाठी जे विज्ञानविषय आणि गणित लागते ते कोणत्या पातळीवर लागते, हे त्या त्या विद्यापीठाच्या किंवा प्रवेश परीक्षेच्या अटींत आधी पाहावे. त्या अटी पूर्ण होत नसतील, तर साहित्य एसएललाच घ्यावे आणि तेही मन लावून करावे. एसएलचा अभ्यास दुय्यम दर्जाचा नसतो. अटी पूर्ण होऊनही एक जागा उरत असेल आणि मुलगी घरी न सांगता पुस्तक हातात घेत असेल, तर ही जागा वाया जाणार नाही, असे मला मनापासून वाटते. पुरावा समोर ठेवून, त्याच्यातील शब्दनशब्द तपासून, मग मत मांडायचे ही सवय प्रयोगशाळेतही तितकीच उपयोगी पडते.

६. राज्य मंडळात आम्ही कवितेचे रसग्रहण शिकलो. तेच येथे लिहायचे असते का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि याचे उत्तर नीट समजले तर पुढची दोन वर्षे सोपी जातात, म्हणून ते विस्ताराने देत आहे.

रसग्रहणाची सवय हे मोठे भांडवल आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे ज्याने मनापासून लिहिले आहेत, त्याला कवितेत अर्थाखेरीज आणखी काही पाहायचे असते हे ठाऊक असते. अडचण अशी की परीक्षेच्या घाईत हे तीन मुद्दे तीन वेगळ्या कप्प्यांत बसतात. आशय एका परिच्छेदात सांगून संपतो आणि उपमा, अनुप्रास, यमक यांची यादी दुसऱ्या परिच्छेदात येते. ही उपमा याच आशयासाठी का लागली, हा प्रश्न दोन परिच्छेदांच्या मधल्या रिकाम्या ओळीत हरवतो. आयबीच्या पेपरात गुण त्याच प्रश्नाच्या उत्तराला असतात.

एक उदाहरण घेऊ. बहिणाबाई चौधरी यांची संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देणारी ओळ महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. ‘येथे उपमा अलंकार आहे, त्यातून संसारातील कष्टांचे महत्त्व कळते’ एवढे लिहिणारा विद्यार्थी चुकत नाही, पण तो दारातच उभा आहे. आता त्याने शब्दांचा क्रम पाहावा. ‘आधी’ हा शब्द येतो, मग हाताला बसणारे चटके येतात, आणि ‘भाकर’ हा शब्द कडव्याच्या अगदी शेवटी येतो. म्हणजे जगण्यात जशी भाकरीची वाट पाहावी लागते, तशी वाचकालाही त्या शब्दाची वाट पाहावी लागते. वाक्याची रचनाच ते सांगते. पुढे पाहावे की हात कोणाचा हे कोठेही सांगितलेले नाही. ‘माझ्या’ किंवा ‘बाईच्या’ असा शब्द घातला असता तर ती तक्रार झाली असती. तो शब्द नसल्यामुळे चटका सर्वांचा होतो, आणि तरीही रोज चुलीपुढे कोण बसते हे माहीत असलेल्या वाचकाला तो हात कोणाचा ते कळतेच. हे तिसरे निरीक्षण जो स्वतःहून करतो, तो एचएलच्या पातळीवर वाचू लागला आहे.

तेव्हा रसग्रहण विसरू नये. त्याचे तीन मुद्दे एकाच वाक्यात आणण्याचा सराव करावा. प्रत्येक निरीक्षणानंतर स्वतःला विचारावे की हा शब्द बदलला असता तर काय गेले असते. ज्या अलंकाराबद्दल या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याचे नुसते नाव लिहून गुण वाढत नाहीत.

७. बाजारात आणि इंटरनेटवर प्रत्येक पुस्तकाचे सारांश आणि नोट्स मिळतात. त्या वापराव्यात का?

पुस्तक एकदा पूर्ण वाचून झाल्यावर, पात्रांची नावे किंवा घटनांचा क्रम ताडून पाहण्यासाठी त्या वापरल्यास हरकत नाही. पुस्तकाच्या आधी त्या वाचू नयेत. एकदा कोणी ‘हे पात्र लोभाचे प्रतीक आहे’ असे सांगितले की वाचकाला त्या पात्रात दुसरे काही दिसेनासे होते, आणि पहिल्या वाचनात उमटणारा गोंधळ, जो पुढच्या सगळ्या विचाराचा कच्चा माल असतो, तो कधी निर्माणच होत नाही.

येथे माझी एक चूक सांगणे योग्य ठरेल. शिकवायला लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी एका नाटकावर चांगल्या, नेटक्या नोट्स वर्गाला उतरवून दिल्या होत्या. सराव परीक्षेत साऱ्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांत माझीच वाक्ये परत आली, आणि त्या मुलांना त्या नाटकाबद्दल स्वतःला काय वाटले हे मला अखेरपर्यंत कळले नाही. तेव्हापासून मी नोट्स देत नाही; प्रश्न देतो.

८. बोलण्यात इंग्रजी चांगले आहे, पण लिहिताना मुलगा अडखळतो. त्याला हा विषय झेपेल का?

पहिल्या पेपरात प्रत्येक उताऱ्याच्या २० गुणांपैकी भाषेला ५ गुण असतात. बाकीचे गुण समज, विश्लेषण आणि मांडणी यांचे आहेत. साध्या, स्वच्छ वाक्यांत नेमके निरीक्षण लिहिणारा विद्यार्थी जड शब्दांनी भरलेला, पण मोघम परिच्छेद लिहिणाऱ्याच्या पुढे जातो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना माझा आग्रहाचा सल्ला असा की पहिले काही महिने निरीक्षणे मनात मराठीत आली तर येऊ द्यावीत. विचार पक्का झाला की त्याचे इंग्रजी वाक्य सरावाने जमते. मात्र विचारच कच्चा असेल तर इंग्रजी कितीही सफाईदार असून काही साधत नाही.

९. शिक्षकांनी सांगितलेल्या अर्थापेक्षा मला वेगळा अर्थ वाटला तर तो लिहिता येईल का?

अवश्य लिहावा, पण तो मजकुरातून दाखवता आला पाहिजे. ‘मला असे वाटते’ हा पुरावा होत नाही; ‘तिसऱ्या अंकात ती पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारते’ हा पुरावा होतो. वेगळ्या अर्थाविरुद्ध जाणारी एखादी जागा त्याच पुस्तकात असेल, तर ती लपवू नये. तिचा उल्लेख करून, तरीही आपला अर्थ का टिकतो हे सांगितल्यास उत्तर अधिक भक्कम होते. शिक्षकांशी वर्गात वाद घालून पाहावा. चांगला शिक्षक त्याने आनंदित होतो.

१०. दुसऱ्या पेपरात पुस्तक जवळ नसते. मग अवतरणे किती पाठ करावीत?

पानेच्या पाने पाठ करण्याची गरज नाही. त्या पेपरातील प्रश्न सर्वसाधारण असतात, उदाहरणार्थ काळ, घर, मौन किंवा सत्ता यांचे चित्रण, आणि कोणता प्रश्न येईल हे आधी कळत नाही. प्रत्येक कृतीतील दहाबारा जागा अशा निवडाव्यात की त्यांतली प्रत्येक जागा दोन-तीन वेगळ्या प्रश्नांना उपयोगी पडेल, आणि त्या जागेतले तीन-चार शब्द अचूक लक्षात ठेवावेत. एकाच वेळी दोन्ही कृतींबद्दल बोलणारे परिच्छेद लिहावेत. अर्धे उत्तर एका पुस्तकावर आणि अर्धे दुसऱ्यावर लिहिल्यास तुलना वाचकावर सोपवली जाते.

११. तोंडी परीक्षेत वापरलेले पुस्तक एचएल निबंधात किंवा दुसऱ्या पेपरात पुन्हा वापरता येते का?

नाही. तोंडी परीक्षा, एचएल निबंध आणि दुसरा पेपर या तिन्ही ठिकाणी कृती वेगवेगळ्या असाव्या लागतात, आणि बहुतेक विद्यार्थी अडचणीत येतात ते हे उशिरा लक्षात आल्यामुळे. म्हणून अकरावीच्या अखेरीस एक साधा तक्ता करावा: तोंडी परीक्षेसाठी कोणत्या दोन, निबंधासाठी कोणती एक, आणि दुसऱ्या पेपरासाठी राखून ठेवलेल्या किमान तीन. सर्वांत आवडते पुस्तक कोठे वापरायचे हा निर्णय घाईने घेऊ नये. माझ्या मते ते निबंधासाठी ठेवावे, कारण तेथे वेळ मिळतो आणि पुस्तक शेजारी असते.

निबंध १२०० ते १५०० शब्दांचा असतो आणि १५०० शब्दांपुढचा भाग परीक्षक वाचत नाहीत. शिक्षक एकाच कच्च्या मसुद्यावर अभिप्राय देऊ शकतात. त्यामुळे तो मसुदा अर्धवट असताना देऊ नये.

तोंडी परीक्षा १५ मिनिटांची असते. विद्यार्थी १० मिनिटे बोलतो आणि ५ मिनिटे शिक्षक प्रश्न विचारतात. दोन कृतींपैकी एक मूळ त्या भाषेतली आणि दुसरी भाषांतरित असते. प्रत्येकीतून ४० ओळींपर्यंतचा उतारा घेऊन एका ‘ग्लोबल इश्यू’चा, म्हणजे अनेक ठिकाणच्या माणसांना भिडणाऱ्या प्रश्नाचा, मागोवा घ्यायचा असतो. येथे नेहमीची चूक म्हणजे विषय फार मोठा घेणे. ‘गरिबी’ किंवा ‘स्त्रियांवरील अन्याय’ यांवर दहा मिनिटांत व्याख्यान होते, विश्लेषण होत नाही. ‘विधवेला घरात कोठे बसू दिले जाते यावरून तिचे स्थान कसे ठरते’ असा विषय घेतला की उताऱ्यातला ओटा, उंबरठा आणि माजघर बोलू लागतात.

१२. हाच विषय मराठीतून घेता येतो का?

ज्या भाषेचा वर्ग शाळेत नाही, ती भाषा ‘स्कूल-सपोर्टेड सेल्फ-टॉट’ (शाळेच्या आधाराने स्वतः अभ्यास) या पद्धतीने ‘लँग्वेज ए’ म्हणून घेण्याची सोय आयबीत आहे. मात्र ती केवळ ‘लिटरेचर’ या विषयासाठी आणि केवळ एसएलला आहे. म्हणजे या वाटेने मराठी एचएलला घेता येत नाही. ही सोय हवी असल्यास शाळेच्या समन्वयकाकडून आपल्या परीक्षासत्रासाठी मराठीची लेखी खात्री प्रवेशाच्या वेळीच करून घ्यावी.

त्याचा लाभ मोठा आहे. एक भाषा इंग्रजी आणि दुसरी मराठी अशा दोन ‘लँग्वेज ए’ घेऊन दोन्हींत किमान ३ श्रेणी मिळाल्यास, डिप्लोमाच्या इतर अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. अशा वेळी वेगळी परकी भाषा घेण्याचे बंधन राहत नाही. पुणे-मुंबईतील, तसेच दुबई-सिंगापूरसारख्या ठिकाणच्या मराठी घरांनी याचा विचार जरूर करावा. परंतु वर्ग नसल्यामुळे वाचनाची शिस्त घरातून आणि एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाकडून यावी लागते, आणि मुलाने मराठी केवळ बोललेली असून वाचलेली नसेल, तर ९ कृती त्याला जड जातील.

१३. काही पुस्तकांत हिंसा, लैंगिकता किंवा शिव्या येतात. पालक म्हणून आम्ही ते पुस्तक बदलायला सांगू शकतो का?

पुस्तकांची निवड शाळा करते, त्यामुळे बोलण्याची जागा शाळा हीच आहे, आणि वर्ष सुरू होण्यापूर्वी यादी मागून घेणे हा पालकांचा हक्कच आहे. बोलण्याआधी मात्र ते पुस्तक स्वतः पूर्ण वाचावे, ही कळकळीची विनंती. एक पान वेगळे काढले की कोणतीही चांगली कृती वाईट दिसू शकते. एखाद्या मुलाच्या आयुष्यात नुकतेच काही दुःखद घडले असेल आणि त्याच विषयाचे पुस्तक वर्गात येत असेल, तर ते शिक्षकांना खासगीत जरूर सांगावे. अशा वेळी मार्ग काढता येतो आणि तो काढलाच पाहिजे.

१४. मध्येच एचएलवरून एसएलला जाता येते का? आणि उलट?

शाळेने ठरवलेल्या मुदतीत एचएलवरून एसएलला येणे तुलनेने सोपे असते. निबंध गळतो आणि पुस्तके कमी होतात, पण एचएलच्या तीन विषयांची अट दुसऱ्या एखाद्या विषयाने भरून काढावी लागते. उलट दिशेने जाणे पहिल्या काही आठवड्यांनंतर कठीण होते, कारण जास्तीच्या चार कृती वर्गाने वाचून संपवलेल्या असतात.

१५. निबंधासाठी एआयची मदत घेतलेली चालते का?

आयबीने अशा साधनांवर सरसकट बंदी घातलेली नाही. परंतु त्यांनी लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे हा गैरप्रकार ठरतो आणि वापरलेल्या मजकुराचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. व्यवहारातला मुद्दा याहून साधा आहे. पहिल्या दोन पेपरांना मिळून ६० टक्के भार आहे आणि तेथे विद्यार्थी एकटा असतो.

१६. भाषांतरित पुस्तकाच्या भाषेबद्दल काही लिहिता येते का? ते शब्द मूळ लेखकाचे नसतातच.

लिहिता येते, पण काय कोणाचे हे ओळखून. कथनाचा दृष्टिकोन, घटनांचा क्रम, प्रतिमा, दृश्यांची मांडणी, कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हे सारे भाषांतरातून बहुतांशी टिकून येते. त्यावर निर्धास्तपणे लिहावे. नाद, श्लेष, अनुप्रास आणि बोलीचा ठसा यांवर मात्र भाषांतरकाराचा हात असतो. त्याबद्दल लिहिताना ‘या भाषांतरात’ असा शब्दप्रयोग करणे प्रामाणिकपणाचे आहे. इंग्रजीच्या वर्गात मराठी कृतीचे भाषांतर लागले की मराठी मुलांना मूळ वाक्य आठवते आणि त्यावर लिहिण्याचा मोह होतो. मूळ जरूर वाचावे, त्याने समज वाढते; पण परीक्षकासमोर असलेली कृती भाषांतरित आहे, आणि विश्लेषण तिच्याच शब्दांचे व्हायला हवे.

१७. एखादा लेखक दोन भाषांत लिहीत असेल, तर त्याची कृती ‘मूळ’ धरायची की ‘भाषांतरित’?

लेखक कोणत्या भाषेचा यावरून हे ठरत नाही. ती कृती कोणत्या भाषेत लिहिली गेली यावरून ठरते. अरुण कोलटकर हे याचे आपल्या जवळचे उदाहरण आहे. त्यांचा ‘जेजुरी’ हा १९७६ साली प्रसिद्ध झालेला संग्रह इंग्रजीत लिहिलेला आहे. त्यामुळे इंग्रजी ‘लँग्वेज ए’च्या विद्यार्थ्याला तो मूळ इंग्रजी कृती म्हणून घ्यावा लागेल, विषय खंडोबाचा आणि कवी मराठी म्हणून तो भाषांतरित गटात टाकता येणार नाही. त्यांचीच ‘भिजकी वही’ मूळ मराठी आहे, तेव्हा तिच्यातील कवितांचे इंग्रजी भाषांतर घेतले तर ते भाषांतरित धरले जाईल. तोंडी परीक्षेत एक मूळ आणि एक भाषांतरित कृती लागत असल्यामुळे (प्रश्न ११) ही चूक तेथे महागात पडते. अशी कृती यादीत असेल तर शिक्षकांशी बोलून तिचा गट पहिल्याच महिन्यात नक्की करावा आणि तो तक्त्यात लिहून ठेवावा.